सेन्सर नवा, दुखणं जुनंच

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. ९६ हजार किलोमीटर झालेत. शाळेत जायला रोज खाडीचा पूल ओलांडावा लागतो. गणपतीपासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. सकाळी, त्यातही रात्री पाऊस पडून गेला असेल तर, आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्यावर कुठे गाडी पकडते. दोनदा चालता चालता बंद पडली, त्यातली एकदा भर पुलावर. दुपारी शाळा सुटल्यावर मात्र एका फटक्यात सुरू होते. स्कॅनरवर कॅमशाफ्ट सेन्सर दाखवला म्हणून तो बदलला. दहा दिवसांनी दिवा परत. ‘तो हलका होता’ म्हणून कंपनीचा घातला, साडेतीन हजारांचा. पुन्हा तेच. आता म्हणतात टायमिंग चेन ढिली झाली असेल, इंजिन उघडावं लागेल, अठरा हजार धरून चाला. शेजारचे काका म्हणतात, “सकाळची उठणा नाय ती गाडी कित्याक ठेवतंस? विकून टाक.” काय करू?
— एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी लगेच फोन केला आणि इंजिन उघडू देऊ नका एवढंच सांगितलं. पुढच्या शनिवारी तुम्ही गाडी घेऊन कणकवलीला आलात. काय सापडलं ते तुम्हाला माहीत आहे, पण अशी पत्रं मला दर पावसाळ्यानंतर येतात, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

हा सेन्सर करतो काय? खाडीवर वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पुलाच्या खांबावर शेवाळाची रेघ असते. पाणी रेघेला टेकलंय, एवढंच कोणी सांगितलं तर भरती चढतेय की ओहोटी लागलीय हे समजत नाही, कारण दोन्ही वेळा पाणी त्याच रेघेवरून जातं. इंजिनाचंही तसंच आहे. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायला आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. पिस्टन वर आलाय हे क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, सेन्सर सांगतो. पण दोन्हींपैकी कोणत्या वेळचा वर आलाय, हे त्याला सांगता येत नाही. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक. म्हणून कॅमवरचा सेन्सर पाहिला की ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, भरती-ओहोटी कळते. तो गप्प बसला तर काही गाड्या सुरूच होत नाहीत. काहींचा ईसीएम अंदाजाने ठिणगी टाकत राहतो आणि जुळलं की इंजिन पकडतं. तुमचे आठ-दहा सेकंद त्या अंदाजात जात होते.

आता कोडबद्दल, म्हणजे स्कॅनर बिघाडासाठी दाखवतो त्या क्रमांकाबद्दल. तुमच्या गाडीत पी०३४० होता. त्याचा अर्थ ‘कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तीन वायरी, दोन्हीकडचे कपलर (वायरी जोडायचे प्लग), अर्थिंग आणि ईसीएम, सगळं मिळून. वाडीत लाईट नाही म्हणून कोणी आधी घरातला बल्ब बदलत नाही, खांबावर वायर तुटलीय का ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र स्कॅनरवर नाव दिसलं की सरळ दुकान गाठलं जातं. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं.

तुमच्या पत्रातच अर्धं निदान होतं. सेन्सर आतून खराब होतो तेव्हा बहुधा उलटं घडतं. इंजिन तापलं की तो दगा देतो, अर्धा तास थंड झालं की पुन्हा चालतो. तुमची गाडी थंड, ओल्या सकाळी रुसायची आणि दुपारी सुधारायची. चेन ढिली झाली असती तर तिला पाऊस आणि ऊन सारखंच. शिवाय चेन लांबली की कॅम आणि क्रँकचा मेळ चुकतो, त्याचा कोड सहसा पी००१६ असतो आणि सकाळी सुरू करताना इंजिनच्या चेनकडच्या बाजूने खडखड ऐकू येते. तुमच्याकडे दोन्ही नव्हतं.

सकाळी ओलं आणि दुपारी सुकं असं आपल्याकडे काय वागतं? मीठ. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात झाकण लावूनसुद्धा मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. कोकणात पावसाळ्याच्या रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडला नाही तरी, जिथे खारं बसलंय ती जागा पहाटे ओली असते आणि दुपारी सुकते. तुमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, रोज पुलावरचा खारा वारा, त्यात गाडी उघड्यावर. घाटावरच्या मेकॅनिकला ही शंका पटकन येणार नाही. आपल्याला आलीच पाहिजे.

शनिवारी दुपारी गाडी आली तेव्हा ती अर्थातच शहाण्यासारखी चालत होती. कोड पुसण्याआधी मी फ्रीझ फ्रेम बघितली, म्हणजे कोड लागला त्या क्षणी ईसीएमने टिपून ठेवलेली नोंद. इंजिनचं तापमान २६ अंश, म्हणजे पूर्ण थंड. कोड पुसला की ही नोंदही जाते. आधीच्या दोन्ही वेळी ती न बघता पुसली गेली होती, याचं मला वाईट वाटतं, कारण उत्तर तिथेच होतं.

बॅटरी पाहिली. बंद असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. ठीक. हे आधी पाहायचं, कारण सेल्फच्या वेळी व्होल्ट फार खाली गेले तर ईसीएम गोंधळून काहीही कोड देतो.

मग सेन्सरचं कपलर काढलं. तुमच्या गाडीतला सेन्सर हॉल पद्धतीचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला आहे, तीन वायरींचा. एका वायरीत ईसीएमकडून येणारे ५ व्होल्ट, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. काही गाड्यांत पहिल्या वायरीत १२ व्होल्ट असतात, म्हणून आधी त्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा बघायचा. सिग्नलच्या वायरीवर ईसीएम स्वतःच ५ व्होल्ट धरून ठेवतो. कॅमवरचा दात समोरून गेला की सेन्सर ते खाली ओढतो, दात गेला की सोडतो. हे खाली-वर ईसीएम मोजतो. म्हणून कपलर काढून, इग्निशन चालू ठेवून, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने सिग्नलच्या पिनेवर मीटर लावला की तिथे ५ च्या आसपास दिसायला हवं. दुपारी चार वाजता ४.९ दिसले. निर्दोष.

तुम्ही गाडी ठेवून एसटीने गेलात ते बरं झालं. रात्री गाडी शेडमध्ये न घेता बाहेर ठेवली. रविवारी सकाळी सहाला बॉनेट उघडून काहीही न हलवता तोच मीटर त्याच पिनेवर लावला. २.१ व्होल्ट.

हा आकडा समजून घ्या. कपलर काढलेलं आहे, म्हणजे सेन्सर या सर्किटमध्ये नाहीच. तरी ५ चे २ झाले. मग दोष सेन्सरचा कसा असेल? तिसरा, चौथा, दहावा सेन्सर घातला असता तरी ईसीएमला तेच २ दिसले असते, आणि त्याला ‘वर’ म्हणजे काय हे कळलंच नसतं. वायर वाटेत कुठेतरी गळत होती.

हार्नेसवरून हात फिरवत गेलो. कपलरपासून चार बोटांवर कापडी टेपचे दोन वेढे होते, कंपनीचे नव्हेत. हाताला ओले लागले. टेप सोडवली तर सिग्नलच्या आणि अर्थच्या वायरीवर एकेक बारीक छिद्र, टेस्ट लॅम्पच्या सुईचं. दोन्ही छिद्रं शेजारीशेजारी, आणि त्यांच्यावर मिठाचं पाणी धरून बसलेली टेप. पाच व्होल्ट तिथून अर्थमध्ये झिरपत होते. इन्सुलेशन चिरलं तर सिग्नलच्या वायरीचं तांबं हिरवंगार. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, तसं. या वायरीवर व्होल्ट असतात, खाऱ्या पाण्यातून ते अर्थकडे वाहतात, आणि त्या वाहण्यात व्होल्टवाल्या बाजूचं तांबं आधी झिजतं. म्हणून अर्थची वायर काळवंडली होती, सिग्नलची मात्र पार खाल्ली गेली होती.

मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्हाला आठवलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये गाडी सुरू होत नव्हती, कोणीतरी वायरी टोचून तपासल्या, शेवटी बॅटरी गेलेली निघाली. बॅटरी बदलली, गाडी चालली, छिद्रं राहिली. एक पावसाळा त्यांनी काढला, दुसऱ्यात दिवा लागला. कोणी टोचलं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, समुद्राकाठच्या गाडीची वायर टोचू नका. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजता येतं. टोचावीच लागली तर ते छिद्र त्याच दिवशी बुजवा, टेपने नव्हे.

दुरुस्ती करताना घाई केली नाही. हिरवं दिसतं त्यापेक्षा आत जास्त पसरलेलं असतं, कारण तारांच्या मधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढतं. तांबं सोन्यासारखं लख्ख लागेपर्यंत कापत गेलो. सिग्नलची वायर वीतभर गेली, अर्थची चार बोटं. त्याच जाडीची वायर जोडली. दोन्ही जोड समोरासमोर येऊ दिले नाहीत, एक वर, एक खाली. डाख द्यायचा की क्रिम्प (धातूची नळी दाबून जोड) करायचा यावर आमच्यात वाद चालतात. इंजिनाच्या अंगावरच्या वायरीला मी क्रिम्पच करतो, कारण डाखाने वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी डाख संपतो तिथे तुटते. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर डोकावला की समजायचं, पाणी जाणार नाही. ज्यांना डाखच द्यायचा आहे त्यांनी राळेचा फ्लक्स वापरावा. पत्र्याच्या कामाचं अ‍ॅसिड किंवा कल्हईवाल्याचा नवसागर वायरीला लावला तर तो आत राहून तांबं खातो.

कल्हईवरून आठवलं. कपलरच्या पिनांवर कथिलाचा पातळ थर असतो, घरातल्या पातेल्यावर असते तीच कल्हई. पॉलिश पेपरने पिना घासल्या की त्या दोन दिवस चकाकतात, मग कल्हई गेल्यामुळे दुप्पट वेगाने कळकतात. एकदा एका घरी समईसारखा कपलर चिंच-मिठाने घासलेला पाहिलाय. हेतू चांगला होता, पण मीठच तर आपला शत्रू. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, पूर्ण सुकू द्या, रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा. बस.

सोमवारी पहाटे पुन्हा मीटर लावला. ४.९. झाडांवर मारायच्या फवाऱ्याने हार्नेसवर पाणी मारलं, हलवून पाहिलं. ४.९. सेल्फ मारला, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन उठलं. सामानाचे पैसे दोनशेच्या आत गेले.

तुमचा पहिला, ‘हलका’ म्हणून काढलेला सेन्सरही मी लावून पाहिला. तो आणि मूळचा, दोन्ही चांगले आहेत. डिकीत कापडात गुंडाळून ठेवा. कधी घालायची वेळ आली तर रबरी रिंगला तेलाचं बोट लावून हाताने बसवा आणि बोल्ट जेमतेम आवळा, खाली अ‍ॅल्युमिनियम आहे, आटे लगेच जातात.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण पुलावरचा प्रसंग वाचून लिहावंसं वाटलं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ब्रेक जात नाहीत. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल एवढा जोर शिल्लक असतो. पुन्हा पुन्हा पंप करून तो घालवू नका. एकदाच दाबून धरा, पार्किंगचे दिवे, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा, गाडी डावीकडे घ्या. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी ओढा. चावी मात्र काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. आणि असा दिवा लागलेला असताना फोंडा घाट किंवा गगनबावडा चढायला-उतरायला जाऊ नका.

काकांना माझा नमस्कार सांगा. गाडी विकायची नाही.

प्रश्न : माझी डिझेल गाडी अचानक सुरू होईनाशी झाली. सेल्फ जोरात फिरतो. तुमचं कॅमशाफ्टवरचं मागचं लिखाण वाचून मी तो सेन्सर मागवलाय. स्वतः बदलू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दादा, सेन्सर आला तरी पाकीट फोडू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत हा काटा क्रँक सेन्सरवर चालतो. सेल्फ फिरतोय आणि काटा शून्यावरून जराही हलत नाही, तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर तपासा. त्याचा कोड पी०३३५ असतो, पण सेल्फ थोडाच वेळ फिरवला तर कोड लागतोच असं नाही. क्रँक सेन्सर खाली गिअरबॉक्सजवळ किंवा पुलीजवळ असतो, जांभ्याची लाल धूळ आणि चिखल तिथेच साठतो. काढल्यावर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला दिसेल तर पुसून परत लावून बघा, चुंबक असल्यामुळे तो कीस ओढतो. त्याला दोनच वायरी असतील तर तो कॉइलचा आहे, ओहममध्ये मोजता येतो, सहसा काहीशे ते एक-दोन हजार ओहम. तीन वायरींचा असेल तर ओहममीटर लावू नका. त्यातून काही कळत नाही आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं.

प्रश्न : दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुताना मुलाने इंजिनवरही प्रेशरचं पाणी मारलं. संध्याकाळपासून चेक इंजिनचा दिवा आहे, गाडी मिसिंग मारते. इंजिनात पाणी गेलं असेल का?
— एक गृहिणी, वेंगुर्ला

उत्तर : ताई, इंजिनाच्या आत नाही, पाणी कपलरमध्ये आणि स्पार्क प्लगच्या खोबणीत गेलं असणार. बॅटरीची काळी वायर सोडा. इग्निशन कॉइल आणि कॅम सेन्सर, या वरवरच्या जागांची कपलर काढा आणि उलटी धरून झटका. हवेच्या पंपाने हळू फुंका, प्लगच्या खोबणीतलं पाणी कापडाने टिपा, बॉनेट उघडं ठेवून उन्हात दोन-तीन तास ठेवा. गोडं पाणी असेल तर एवढ्याने भागतं. त्यानंतर बिघाड गेलाच असेल तर दिवा आपोआप जातो. सलग तीन वेळा गाडी नीट चालल्याचं ईसीएमला दिसलं की तो विझवतो, म्हणून लगेच कोड पुसायला धावू नका. मुलाला रागावू नका. पुढच्या दसऱ्याला ओल्या फडक्याने पुसा, हार मात्र नेहमीसारखा घाला.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. तेव्हा सगळं दुरुस्त केलं, आतापर्यंत छान चालली. गेल्या दोन महिन्यांत आधी कॅम सेन्सर, मग थ्रॉटल, मग एबीएस, असे वेगवेगळे कोड येतात. प्रत्येक वेळी वेगळा पार्ट सांगतात.
— एक व्यापारी, चिपळूण

उत्तर : शेठ, एकमेकांशी संबंध नसलेले कोड पाळीपाळीने आले की त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. सामाईक असतात अर्थिंगचे बोल्ट, फ्यूज बॉक्स आणि पायाखालून जाणारी मोठी वायरिंग. वाशिष्ठीचं पाणी उतरलं, पण कार्पेटखालच्या फोममध्ये गाळ राहिला असेल तर तिथले जोड इतकी वर्षं ओल खात आहेत. दोन्ही पुढच्या सीट काढून कार्पेट उचलायला सांगा. दारांच्या पायरीखालची पट्टी काढून वायरिंगच्या टेपवर हात फिरवा, कुठे फुगलेली, कडक किंवा पांढरी-हिरवी दिसते का बघा. बॉडीला लावलेले अर्थिंगचे बोल्ट एकेक सोडून, खालचा पत्रा लख्ख करून, परत आवळून वरून ग्रीस लावा. मग इंजिन चालू, हेडलाईट आणि पंखा चालू ठेवून मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि बॅटरीमधली अर्थिंगची पट्टी आधी बदला. नंतर हीच तपासणी बॉडीच्या पत्र्याला आणि ईसीएमच्या अर्थ पिनेला करा. हे सगळं होईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. वायरिंगचे फोटो काढून पाठवा, कुठे कापायचं ते मी खूण करून कळवतो.